मालकांनी पाटीवर दुसरं नाव का लावलं

ऑस्टिन, टेक्सास
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू लाकडाच्या धुरावर मांस शिजवणाऱ्या आपल्या त्या बार्बेक्यू हॉटेलाच्या मालकांबद्दल तावातावाने बोलत होतास आणि माझी मीटिंग सुरू होत होती, म्हणून मी नुसतं हं हं करून फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलं आहे. "एवढं नाव कमावलेला माणूस डाउनटाउनमध्ये दुसरं हॉटेल काढतो आणि त्यावर आपलंच नाव लावत नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," असं तू म्हणालास. पाणी कुठेच मुरत नाही. मी हे सगळं पहिल्या दिवसापासून जवळून पाहिलंय, पण दोन वाक्यांत सांगून होणार नाही. म्हणून आज जेवण झाल्यावर लिहायला बसलोय.

त्यांच्या जुन्या हॉटेलात आपण दोघं गेलो होतो तो शनिवार आठव. सकाळी साडेसातला घडीच्या खुर्च्या टाकून रांगेत बसलो होतो. अकराला दार उघडलं आणि आपला नंबर लागायला साडेबारा झाले. तू गोमांस खात नाहीस, तेव्हा तुझ्यासाठी टर्की आणि पोर्क रिब्ज सांगितल्या होत्या. मांस कापणाऱ्या त्या उंच माणसाने टर्कीची एक चकती तुझ्या हातावर ठेवली आणि तू ती खाऊन काही क्षण बोललाच नाहीस. मागच्या अंगणात मालकांनी आपल्याला भट्ट्या दाखवल्या होत्या. प्रोपेनच्या हजार गॅलनच्या जुन्या टाक्या आडव्या ठेवून, कापून, जोडून केलेल्या. एका टोकाला आग, दुसऱ्या टोकाला धुराडं, आणि मधल्या पोटात मांस. आग आणि मांस यांची गाठ पडतच नाही, मधून जातो तो नुसता ताप आणि पोस्ट ओक या लाकडाचा धूर. तुला ते फार आवडलं होतं.

त्या वेळी एक गोष्ट सांगायची राहिली होती. त्या आगीपाशी रात्रभर एक माणूस जागा असतो. बारा-चौदा पौंडांचं ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाचा मोठा तुकडा, शिजायला साधारण तेवढेच तास लागतात. अर्ध्या वाटेवर, १५०-१६० फॅरनहाइटच्या आसपास, मांसाचं तापमान अडून बसतं. पृष्ठभागावरचं पाणी उडत राहतं, घाम येऊन अंग गार व्हावं तसं मांस स्वतःला गार करत राहतं, आणि काटा तासन् तास हलत नाही. नवखा माणूस तिथे घाबरून आग वाढवतो आणि सगळं बिघडवतो. जुना माणूस ओंडक्याचा आकार पाहतो, वारा पाहतो, धुराचा रंग पाहतो आणि थांबतो. धूर पातळ, निळसर हवा. पांढरा दाट धूर आला की मांस कडू. चरबी छाटून, शिजवून, पाणी उडून गेल्यावर विकत घेतलेल्या वजनाच्या जेमतेम निम्मं हाती लागतं. त्या हॉटेलच्या नावामागे एवढी जागरणं आहेत.

आता डाउनटाउनच्या जागेचं. इमारतींची हवा आणि धूर बाहेर काढण्याचं डिझाइन हाच माझा धंदा, म्हणून जागा बघायला मालकांनी मला सोबत नेलं. विटांची जुनी देखणी इमारत, तळमजला रिकामा, वर चार मजले लोक राहतात. मी आत शिरलो आणि आधी छताकडे पाहिलं. लाकडावर स्वयंपाक करायचा तर त्याचा धूर नेणारं नळकांडं गॅसच्या शेगड्यांच्या नळकांड्याला जोडता येत नाही. आगीपासून बचावाचे नियम त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था मागतात, कारण लाकडाच्या धुरात ठिणग्या असतात आणि नळाच्या आत डांबरासारखा ज्वलनशील थर साचत जातो. ठिणग्या अडवायची जाळी हवी, आतून साफ करायला झडपा हव्यात, आणि ते सगळं आग न शिरणाऱ्या भिंतींच्या पोकळीतून थेट गच्चीवर न्यायला हवं. म्हणजे चार कुटुंबांच्या घरांतून पोकळी काढायची. इमारतीच्या मालकाने ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. मला त्याचा राग आला नाही. माझं घर वर असतं तर मीही नाहीच म्हटलं असतं. आणि शेजाऱ्यांना धुराचा त्रास होतो ही तक्रार इथे नवी नाही. २०१५ मध्ये बार्बेक्यूच्या धुरावर बंधनं आणायचा प्रस्ताव ऑस्टिनच्या नगर परिषदेपुढे आला होता आणि भट्टीवाले सगळे हादरले होते.

राहिला तो मधला मार्ग. गॅसवर चालणारं कपाटासारखं यंत्र मिळतं, त्यात धुरापुरते दोन-तीन ओंडके टाकायचे, तापमान यंत्रच सांभाळतं. कितीतरी चांगली हॉटेलं ते वापरतात आणि त्यांचं मांस वाईट नसतं. मीच ते सुचवलं. वर हेही म्हटलं, जे तू म्हणालास तेच, की तुमचं नाव पाटीवर असलं की पहिल्या दिवसापासून रांग लागेल. मालक बराच वेळ त्या रिकाम्या छताकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "जिथे रात्री आगीजवळ कोणी बसत नाही, तिथे माझ्या वडिलांचं नाव लावायचं नाही."

त्या वेळी मला तो हट्ट वाटला. घरी येताना गाडीत मला लॉकहार्ट आठवलं आणि मग त्यांचं म्हणणं हळूहळू उलगडत गेलं.

लॉकहार्टला आपण जाऊ शकलो नव्हतो. इथून तीसेक मैलांवरचं छोटं गाव, टेक्सासच्या बार्बेक्यूची राजधानी म्हणून विधिमंडळाने मान दिलेलं. तिथे १९०० साली सुरू झालेलं क्राइट्स मार्केट आहे. मूळचं खाटकाचं दुकान. उरलेलं मांस वाया जाऊ नये म्हणून ते धुरावर शिजवायचं आणि खाटकाच्याच कागदात बांधून द्यायचं, अशी ही सगळी परंपरा जर्मन आणि चेक लोकांच्या दुकानांतून आली. पुढे ते दुकान दुसऱ्या घराण्याकडे गेलं. त्या घरातले वडील गेले तेव्हा धंदा आणि नाव मुलाकडे होतं, आणि इमारत मिळाली मुलीला. १९९९ मध्ये भाड्यावरून भावा-बहिणीचं बिनसलं. भावाने थोड्या अंतरावर नवी मोठी इमारत बांधली आणि जुन्या भट्टीतले निखारे पत्र्याच्या घंगाळात भरून रस्त्याने ओढत नव्या भट्टीत नेले. बहिणीने धुराने काळ्या पडलेल्या त्याच जुन्या भिंतींत स्वतःचं दुकान मांडलं आणि त्याला वडिलांच्या टोपणनावावरून स्मिटीज मार्केट असं नाव दिलं.

आता सांग, खरं दुकान कोणतं? नाव आणि निखारे एकीकडे, भिंती आणि भट्टी दुसरीकडे. मी दोन्हीकडे जेवलोय आणि दोन्हीकडे पोट भरून निघालोय. पण मला त्यातलं जे आवडतं ते हे, की भाऊ नाव घेऊन गेला खरा, पण नुसतं नाव नेणं त्याला पुरेसं वाटलं नाही. विस्तवही न्यावा लागला. आमच्या मालकांना डाउनटाउनला विस्तव नेता येत नव्हता. म्हणून त्यांनी नावही नेलं नाही.

आणि तू समजतोस तसं हे जगावेगळंही नाही. इथलेच बार्बेक्यूवाले ॲरन फ्रँकलिन बघ. २००९ मध्ये एका ट्रेलरमधून सुरुवात, २०११ मध्ये ईस्ट इलेव्हन्थ स्ट्रीटवर पक्की जागा, २०१५ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतल्या शेफ लोकांचा मोठा मान. एवढ्या नावाच्या जोरावर त्यांना गावोगाव शाखा काढता आल्या असत्या. पण २०१८ मध्ये टायसन कोल या शेफबरोबर आशियाई चवीचं हॉटेल काढलं ते लोरो या नावाने, आणि २०२३ मध्ये ईस्ट सिक्स्थवर न्यू ऑर्लिन्सच्या धर्तीचं काढलं त्याचं नाव अपटाउन स्पोर्ट्स क्लब. फ्रँकलिन हे नाव त्या एकाच ठिकाणी राहिलं, जिथे सकाळपासून रांग लागते.

बरं, व्यवहाराची बाजूही आहे, ती थोडक्यात सांगतो. नव्या हॉटेलासाठी मालकांनी वेगळी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढली. टेक्सासमध्ये त्याची राज्याची फी ३०० डॉलर. भाडेकरार, कर्ज, दारूचा परवाना सगळं त्या नव्या कंपनीवर. डाउनटाउनचं भाडं दुपारी दोन वाजता माल संपवून घरी जाणाऱ्याला परवडत नाही. तिथे रात्रीचं जेवण हवं, बार हवा, आणि बारमध्ये विकलेल्या दारूवर राज्याला विक्रीच्या ६.७ टक्के वेगळे देऊन पुन्हा गिऱ्हाइकाकडून ८.२५ टक्के घ्यायचे. नवा धंदा उद्या बुडाला तर जुन्या जागेतली माणसं रस्त्यावर येऊ नयेत, ही त्यांची पहिली काळजी होती. रात्रीची आग सांभाळणारा जो माणूस आहे त्याला त्यांनी जुन्या हॉटेलात भागीदार करून घेतलं, नव्या कंपनीची जोखीम त्याच्यावर अजिबात येऊ दिली नाही. त्याचे कागद झाले त्या दिवशी मी तिथे होतो. तो माणूस सही करून सरळ भट्टीकडे निघून गेला, कारण आग एकटी होती.

आता नव्या नावाचं. पाटीचा फोटो मी पाठवला तेव्हा हे आडनाव कोणाचं म्हणून तू विचारलंस. ते त्यांच्या आईच्या माहेरचं. जुन्या जागी वडिलांचं आडनाव आहे आणि तिथे मांसाचा मान. बटाट्याचं सॅलड, पिंटो बीन्स, कोबी, पीच कॉबलर (पीचचं भाजलेलं गोड) या सगळ्या आईच्या हातच्या कृती तिथे कागदाच्या वाट्यांत बाजूला असतात, अर्धे लोक घेतही नाहीत. डाउनटाउनला आईचे पदार्थ ताटाच्या मधोमध आले आहेत. मांस त्यांच्या सोबतीला. मला वाटतं, हे त्यांच्या मनात खूप वर्षांपासून होतं. छतातून नळ गेला असता तर कदाचित ते तसंच राहून गेलं असतं.

मांस जुन्या जागीच शिजतं आणि तिथून येतं. हे कसं जमतं असं तुला वाटेल, तर ब्रिस्केटचा एक गुण कामी येतो. शिजल्यावर त्याला कितीतरी तास ऊबेत मुरू द्यावं लागतं, तेव्हाच ते मऊ आणि रसाळ राहतं. तो मुरायचा वेळ प्रवासात आणि इथल्या उबदार कपाटात जातो. नियमाने गरम अन्न १३५ फॅरनहाइटच्या खाली उतरू द्यायचं नाही. एका रविवारी पळण्याच्या शर्यतीसाठी काँग्रेस ॲव्हेन्यू बंद होता आणि व्हॅन नदीपलीकडे अडकली. मालक दारात उभे, हातात थर्मामीटर. व्हॅन आली, खोकं उघडलं, सुई टोचली, १४६ निघाले. ते काही बोलले नाहीत, फक्त थर्मामीटर पुसून खिशात ठेवला. उतरलं असतं तर सगळं मांस टाकलं असतं, यात मला शंका नाही.

पण कापून ठेवलेलं ब्रिस्केट काही मिनिटांत सुकतं. म्हणून डाउनटाउनला वजनावर, चकत्यांनी विकायचं नाही असं ठरलं. तिथे ते मागणीनुसार चिरून सँडविचमध्ये आणि बीन्समध्ये जातं. गेल्या आठवड्यात जुन्या रांगेतलं एक वयस्कर जोडपं आलं होतं. मेनू वाचून आजोबा जरा खट्टू झाले, अर्धा पौंड चरबीवालं ब्रिस्केट मागितलं. मालक स्वतः टेबलाशी गेले आणि म्हणाले, "ते तिकडेच. इकडे माझ्या आईचं जेवण आहे." आजी हसल्या, त्यांनी दोघांसाठी कॉबलर सांगितलं. पाटीवर जुनं नाव असतं तर त्या आजोबांची तक्रार रास्त ठरली असती.

माझी एकच काळजी आहे. मालक आता आठवड्यातले चार दिवस डाउनटाउनला असतात. सकाळी रांगेतून फिरून प्रत्येकाशी बोलायची त्यांची सवय तुला आठवत असेल. ते आता रोज होत नाही. मांस तसंच आहे, पण रांग थोडी मुकी झालीय. हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, शनिवार मी कधीच सोडणार नाही. आजवर सोडलेला नाही.

तर तू मार्चमध्ये ये. शुक्रवारी रात्री डाउनटाउनला जेवू आणि शनिवारी खुर्च्या घेऊन रांगेत. दोन्ही करावंच लागेल, कारण तुझी ती टर्की फक्त जुन्या जागी मिळते. टर्कीला मुरायचा धीर नसतो, प्रवासात ती कोरडी पडते, म्हणून मालकांनी ती डाउनटाउनच्या मेनूत घेतलेलीच नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तिकिटं काढलीस की लगेच कळव, खुर्च्या माळ्यावरून काढून ठेवतो.

तुझाच,
ऑस्टिनकर