शाहिरी मंचावरून गल्लीत यावी

महोदय,

१ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांची जयंती. वाटेगाव आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे सांगलीत मोठाले मंच उभे राहतात. पण सत्कार आणि भाषणं संपेपर्यंत वस्तीतल्या कवींच्या वाट्याला पाच मिनिटं उरतात. अण्णाभाऊ, शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं, ते कामगार वस्त्यांतून गाजलं. आजही जलसा, म्हणजे शाहिरी गाण्या-बोलण्याचा कार्यक्रम, गल्लीतच व्हायला हवा.

त्यासाठी फार काही लागत नाही. डफ, ढोलकी, तुणतुणं, झांज, एक शाहीर आणि मागून साथीला गाणारे तीन-चार झीलकरी. वेळ साडेआठची, म्हणजे बायकांची जेवणखाणं आटोपलेली असतात. चाळीस मिनिटांत आवरावं. शंभरेक माणसांसाठी स्पीकर नकोच. पत्र्याच्या घरांमध्ये आवाज घुमतो, शब्द हरवतात आणि नुसता ठेका ऐकू येतो. ऑगस्टच्या दमट हवेत डफाचं कातडं सैलावतं. आधी कागदाच्या जाळावर लांबूनच शेकावं, फार जवळ धरलं तर तडकतं. सूर पेटीच्या काळी चार पट्टीपर्यंत चढवण्याचा हट्ट नको, नव्या पोरापोरींचे गळे तिसऱ्या कडव्यातच बसतात.

धृपद सात-आठ अक्षरांचं असावं, दुसऱ्या खेपेला गल्लीनं उचलावं इतकं सोपं. खरी ताकद मात्र कडव्यांमधल्या गद्यात, म्हणजे बतावणीत आहे. सूर्यवंशी प्लॉट किंवा काकानगरासारख्या पुराच्या वस्तीत 'महापूर आला' एवढंच गाऊन काय उपयोग? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. कागदपत्रं कधी बांधायची, म्हाताऱ्यांना आधी कुठे न्यायचं, हे शाहिरानं तिथे सांगावं. कागदावरून वाचून नव्हे, तोंडपाठ.

सगळं फसतं ते दुसऱ्या दिवशी. माणसं हेलावतात, घरी जातात, विषय संपतो. म्हणून सकाळी त्याच चौकात टेबल मांडून रेशनकार्डाचे, शाळाप्रवेशाचे अर्ज भरून द्यावेत आणि हे बतावणीतच जाहीर करावं. शाहिराच्या मागे उमेदवाराचा फलक मात्र अजिबात नको. अर्धी गल्ली तो पाहूनच दारं लावून घेते.

मंडळांनी यंदा एका रात्रीच्या साउंडचा खर्च वाचवून निदान चार गल्ल्यांत जलसे करावेत. नवी कवनं बसवायला पंधरवडा लागतो, तेव्हा जुलैच्या मध्यापर्यंत मुलांच्या हाती डफ पडले पाहिजेत.

— काही शाहिरी कलावंत, सांगली