बंदूक कुलपात, जीभ मोकाट

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

हे पत्र खड्ड्याबद्दल नाही, पाणीपट्टीबद्दल नाही आणि उसाच्या दराबद्दल पण नाही, त्यामुळं छापाल का नाही माहीत नाही, पण आमच्या भागात बंदूकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची शिवीगाळ आता हाताबाहेर चाललीय म्हणून लिहितोय.

कराड-पाटण आणि खाली शिराळा-वाळव्यापर्यंत बंदुकीचा परवाना असलेली माणसं भरपूर आहेत. सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी अशी गावं आहेत, अपशिंगे मिलिटरीचं नाव तर सगळ्यांनाच माहीत, आणि रिटायर झाल्यावर त्यातले कितीतरी जण बारा बोअरची बंदूक घेऊन बँकेच्या दारात नाहीतर कॅश व्हॅनवर उभे राहतात. शिवाय रानडुकरानं भुईमूग लोळवला म्हणून पीक संरक्षणाचा परवाना काढलेले शेतकरी आहेत, कराटे आणि लाठीकाठी शिकवणारे मास्तर आहेत, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ आणल्यापासून एअर रायफल मारणारी पोरं नि त्यांचे आईबाप पण आलेत. ह्या सगळ्यांचे व्हॉट्सॲपवर ग्रुप आहेत. मी स्वतः फौजेतून आलेला, दोन नळ्यांची बंदूक, दुनळी, आहे घरात, आणि अशा एक-दोन ग्रुपांत मी पण आहे.

दिवसा ग्रुप चांगला चालतो. काडतुसं कुठल्या दुकानात आलीत, रिन्यूला कुठली कागदं लागतात, नळी साफ करायला कुठलं तेल, असं कामाचं बोलणं. रात्री साडेदहानंतर मात्र काय होतं देव जाणे, व्हॉईस नोट सुरू होतात, आवाज जरा जडच असतो, आणि तिथनं पुढं एकमेकांची आयमाय निघते. विषय काहीही असो. बरं, भांडणं कशावरनं बघा, ग्लॉकचं ९ एमएम पिस्तूल चांगलं का बेरेटाचं. अरे बाबांनो ९ एमएम हा आपल्याकडं प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेला बोअर आहे, साध्या माणसाला त्याचा परवानाच मिळत नाही, आणि ह्या दोघांनी ते पिस्तूल अमेरिकेतल्या व्हिडिओत सोडून कुठंच बघितलेलं नाही, तरी हमरीतुमरीवर. तिकडं बंदूक ठेवणं हा घटनेतला हक्क आहे, आपल्याकडं १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि त्यात सरकार देईल तर परवाना. एवढा साधा फरक डोक्यात असता तरी निम्मी भांडणं झाली नसती.

तुम्ही म्हणाल भांडणं काय, क्रिकेटच्या ग्रुपवर पण होतात, राजकारणाच्या ग्रुपवर तर विचारायलाच नको. बरोबर आहे. पण क्रिकेटच्या ग्रुपवर चुकीची माहिती राहिली तर कुणी मरत नाही आणि कुणी आत जात नाही. मला जे सांगायचंय ते हेच आहे, शिवीगाळ झाली की आधी जाणकार माणूस ग्रुप सोडून जातो, शिवी देणारा तिथंच राहतो, आणि मग चुकीचं बोललेलं खोडून काढायला कुणी उरत नाही.

उदाहरण सांगतो. मध्यंतरी वाड्यावस्त्यांवर चोरांची हवा पसरली होती, पोरं रात्रभर काठ्या घेऊन गस्त घालत होती. एकानं मेसेज टाकला की चोर घरात शिरला तर गोळी घालायची, पळून चालला असंल तर पाठीत घालायची, कायदा आपल्याच बाजूनं आहे, काय होत नाही. खाली लगेच पंधरावीस अंगठे. त्यावर ग्रुपातल्या एका वकिलांनी शांतपणे लिहिलं, चांगलं समजेल असं लिहिलं होतं, की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची, जी आधी भादंविच्या ९६ ते १०६ मध्ये होती. रात्री घर फोडून आत आलेल्याच्या विरुद्ध तुमचा हक्क मोठा आहे, प्रसंगी जीव घेण्यापर्यंत जातो, पण कलम ४३ प्रमाणं तो घरात आहे तोपर्यंतच, बाहेर पडून पळत सुटला की तो हक्क संपला. आणि कलम ३७ सांगतं की बचावाला जेवढी लागते त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही.

ह्यात चिडण्यासारखं काय होतं? पण पहिलं उत्तर आलं, "वकीलसाहेब चोराची केस घेतली वाटतं". दुसरा म्हणाला काळ्या कोटाची अक्कल कोर्टात ठेवा, तुमच्या घरात चोर शिरल्यावर कलम वाचून दाखवा त्याला. मग त्यांच्या बायकोपर्यंत गेलं, ते मी इथं लिहीत नाही. वकिलांनी "धन्यवाद" एवढंच लिहिलं आणि ग्रुप सोडला. पाठीत गोळी घालायचा मेसेज मात्र तसाच राहिला, पुढं विट्याला माझ्या भाच्याला दुसऱ्याच ग्रुपवरनं आला, वर तिरंगा लावलेला आणि खाली "जनहितार्थ". उद्या एखादं तापट पोरगं ते वाचून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घालून बसलं आणि पळणारा मेला तर खून होतो, आता कलम १०३, आणि अंगठे देणाऱ्या पंधरावीस जणांपैकी एक पण जामिनाला उभा राहणार नाही, हे मी लिहून देतो.

दुसरा किस्सा एका ताईंचा. एमआयडीसीत सेकंड शिफ्टला आहेत, रात्री सुटल्यावर स्कूटीवरनं गावाला जायचं, रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये एक दिवा नाही. त्यांनी विचारलं सोबत काय ठेवावं. लगेच एकानं "निर्भीक घ्या ताई", म्हणजे कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीनं २०१४ ला बायकांसाठी म्हणून काढलेलं .३२ चं हलकं रिव्हॉल्व्हर, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बाईला हा सल्ला! परवान्याचा अर्ज, पोलिस चौकशी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, ह्यात महिने जातात ते वेगळंच. मग कराटे मास्तर म्हणाले बंदूक हिसकावून घेतली तर काय करणार, हातपाय चालले पाहिजेत. त्यावर बंदूकवाले म्हणाले मास्तर तुमच्या फरशीवरच्या उड्या बिबट्याला दाखवा. मग दोघांची जुंपली, रात्री दीडपर्यंत. मध्येच एका महाभागानं विचारलं की बायकांना रात्रीची नोकरी पाहिजेच कशाला. ताईंनी काही उत्तर दिलं नाही, सकाळी बघतो तर नंबर ग्रुपात नाही. त्यांना पेपर स्प्रे कसा वापरायचा, वाऱ्याची दिशा बघायची, पर्सच्या तळाला न टाकता हाताशी ठेवायचा, ११२ ला फोन केला की काय होतं, आणि रात्रपाळीला बायकांना बोलवायचं तर ने-आण करायची जबाबदारी कंपनीची असते, एवढं कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. सांगू शकणारी माणसं ग्रुपात होती, पण त्या राड्यात मध्ये पडायला कोण तयार होणार.

आणि धमक्या. हे मला सगळ्यात वाईट वाटतं. "तुझं गाव माहीत आहे मला, माझ्याकडं काय आहे ते पण तुला माहीत आहे" असं परवाना असलेला माणूस लिहितो तेव्हा ती नुसती बडबड राहत नाही हो, समोरच्याच्या घरी बायकापोरं असतात, त्यानं ती रात्र कशी काढायची. शस्त्र कायद्याच्या कलम १७ मध्ये सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार आहे, आणि धमकी हा न्याय संहितेत कलम ३५१ चा गुन्हा आहे. एक स्क्रीनशॉट ठाण्यात गेला की ज्या बंदुकीच्या जोरावर बोलला तीच पहिली जाते. ह्यावर पण एक शहाणा म्हणाला की आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टानं रद्द केलंय, आता नेटवर काहीही बोलता येतं. रद्द झालं ते खरं आहे, २०१५ ला, पण म्हणून धमकी माफ झाली असं कुठं लिहिलंय?

ॲडमिन लोकांची वेगळीच तऱ्हा. एक ॲडमिन घाबरला की आपल्यावरच केस होईल, त्यानं ग्रुप "ओन्ली ॲडमिन" करून टाकला, आता तिथं रोज सकाळी गुलाबाचं फूल येतं आणि चतुर्थीला गणपती, बाकी शांत. वास्तविक मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्या मेंबरनं काही टाकलं म्हणून नुसता ॲडमिन आहे एवढ्यावरनं ॲडमिन दोषी होत नाही, त्याचा त्यात सहभाग असला तर गोष्ट वेगळी. म्हणजे भिऊन सगळ्यांची तोंडं बंद करायची गरज नाही, आणि दुसरीकडं मजा बघत बसायचं पण काही कारण नाही. हळदीतल्या गोळीबाराचा व्हिडिओ कुणी टाकला तर तो तिथल्या तिथं काढायला काय जातं? २०१९ च्या दुरुस्तीपासून असल्या आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्यातल्या एका रिटायर आर्मररनी हेच सांगितलं तर त्यांना "काका तुमचा जमाना गेला". ज्या माणसानं आयुष्यभर हत्यारं खोलली-जोडली त्याला हे ऐकवतो कोण, तर ज्यानं पिस्तूल फक्त रीलमध्ये धरलंय तो. काका पण आता काही लिहीत नाहीत.

बिबट्याचं तर नावच काढू नका. शिराळा-कराड पट्ट्यात उसातला बिबट्या आता रोजचा झालाय, माणसं घाबरतात, चिडतात, ते मी समजू शकतो, आमच्या पण शेळ्या गेल्यात. पण कुणी ठश्याचा फोटो टाकला की लगेच "घाला गोळी" आणि कुणी वन्यजीव कायदा काढला की तो लगेच शहरी, एसीत बसणारा, शेतकऱ्याचा दुश्मन. १९७२ च्या त्या कायद्यात बिबट्या अनुसूची एकमध्ये आहे, शिकार केली तर किमान तीन वर्षं. जीव वाचवताना मारावा लागला तर त्याच कायद्यात सूट पण आहे. ही दोन्ही वाक्यं शेतकऱ्याला माहीत पाहिजेत, भांडणात दोन्ही वाहून जातात.

तशी ही सवय फक्त बंदूकवाल्यांचीच आहे असं नाही. २०२४ ला लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या म्युझियममध्ये आली तेव्हा आठवतं ना काय चाललं होतं. ही तीच, १६५९ ची का नाही, ह्यावर ज्या म्युझियमनं पाठवली त्यांनीच खात्री देता येत नाही म्हणून सांगितलं होतं, अभ्यासकांनी पण आपापलं म्हणणं मांडलं होतं. तेवढं शांतपणे वाचलं असतं तर केवढं शिकायला मिळालं असतं, पण लोकांनी शंका घेणाऱ्याची जात काढली आणि न घेणाऱ्याची अक्कल काढली, आणि काचेपुढं उभं राहून बघायला गेले किती जण?

नेमबाजीच्या रेंजवर असं होत नाही. तिथं एखाद्याची नळी जरा जरी आडवी फिरली तर बाजूच्या लेनमधलं सोळा वर्षांचं पोरगं पण "स्टॉप" ओरडू शकतं. मग चुकणारा सुभेदार असो का नॅशनल खेळलेला, आधी बोट ट्रिगरवरनं बाहेर, रायफल अनलोड, चेंबर रिकामी आहे हे दाखवणारा सेफ्टी फ्लॅग आत, आणि मग विचारायचं की काय झालं. तू कोण मला सांगणारा असं तिथं कुणी म्हणत नाही, म्हटलं तर दुसऱ्या दिवशी रेंजवर घेत नाहीत. गंमत म्हणजे तीच माणसं मोबाईल हातात आला की ट्रिगरवरनं बोट काढत नाहीत.

मला वाटतं ग्रुपमध्ये पण कुणीही "स्टॉप" लिहिलं की त्या विषयावर सकाळपर्यंत कुणी लिहायचं नाही, एवढा एक नियम केला तरी निम्मं काम होईल, कारण रात्रीचा जोर सकाळी राहत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे. आणि टोपणनाव बंद, नाव आणि गाव लावून बोलायचं. कायद्याची गोष्ट सांगायची तर कलम सांगायचं, नाहीतर "मला असं वाटतं" म्हणायचं. आमच्या एका ग्रुपात हे सुरू करून बघितलंय, दोघे-तिघे रुसून गेले, जाऊ देत.

तुमच्याकडं दोन मागण्या आहेत. एक, "गावठी कट्टा जप्त" ही बातमी देताना त्या पोराचा हिरोसारखा फोटो मोठा आणि कायदा एका ओळीत असं होतं, ते जरा उलटं करा. दुसरी, जे वकील आणि जुने आर्मरर असल्या भांडणांना कंटाळून गप्प बसलेत त्यांना महिन्यातून एकदा चार ओळींची जागा द्या, वाचकांचे प्रश्न मी गोळा करून पाठवतो, आणि छापून आलं की कात्रणाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचं काम पण माझंच.

आपला,
एक परवानाधारक माजी सैनिक
ता. कराड, जि. सातारा