दारावरचा डाग आणि सोमनाथचा हिरा

महोदय,

रहस्यकादंबऱ्यांची चर्चा निघाली की इंग्रज लेखक विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’चे (१८६८) नाव आदराने घेतले जाते आणि विषय तिथेच संपतो. ती वाचायला घेणाऱ्यांसाठी थोडे तपशिलात लिहितो. चोर कोण, ते सांगत नाही.

या कादंबरीचे खरे बळ एका डागात आहे. भारतातून आलेला हिरा चोरीला जातो त्या रात्री त्याची मालकीण रेचेल हिच्या खोलीच्या दारावर, कुलपाखाली, ओला रंग फिसकटतो. स्थानिक पोलीस अधिकारी म्हणतो, सकाळी ११ वाजता मोलकरणींची झुंबड उडाली, तेव्हा कुणाचा तरी झगा घासला असेल. लंडनहून आलेला गुप्तहेर सार्जंट कफ मात्र विचारतो : तेवढा भाग रंगवला कधी, आणि रंग वाळायला वेळ किती? आदल्या दिवशी दुपारी ३ वाजता, आणि १२ तास. म्हणजे पहाटे ३ लाच रंग वाळला होता. ११ वाजता तो फिसकटेल कसा? मध्यरात्री १२ ला रेचेलच्या मोलकरणीने दार डागाविना पाहिले होते. उरले तीन तास. आता हिऱ्याआधी रंग लागलेले कापड शोधायचे! हा हिशेब वाचकालाही मांडता येतो, लेखकाने काही दडवलेले नाही. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये घडलेल्या १८६० च्या रोड हिल हाउस खून प्रकरणात डिटेक्टिव्ह व्हिचरही एका गहाळ नाइटगाउनच्या मागावर होता. कॉलिन्सने ते सूत्र तिथूनच उचलले.

कथानक मात्र रेचेलच्या मौनावर तोललेले आहे. ती एकदा बोलली की गोष्ट संपली. तिचा मानी स्वभाव नीट उभा केल्यामुळे सुरुवातीला हे पटते, पण ती जवळजवळ वर्षभर गप्प राहते तेव्हा ती लेखकाची सोय वाटू लागते. त्यात कफही मधेच कथेतून निघून जातो. शेवटी ती रात्र पुन्हा घडवून पाहण्यासाठी केलेला अफूच्या अर्काचा प्रयोगही फार सरळ वठतो. मूळ मात्रा २५ मिनिम (मिनिम म्हणजे साधारण एक थेंब), प्रयोगात ४०, भोवतीची परिस्थिती बदललेली, तरी परिणाम जवळपास हुबेहूब. अंमली औषध इतक्या शिस्तीत वागत नाही.

मराठी वाचकाला खटकेल ते सोमनाथ. कॉलिन्सने तिथे चार हातांचा चंद्रदेव बसवून त्याच्या कपाळावर हिरा जडवला आहे. सोमनाथ म्हणजे सोमाचा नाथ, शिव. तिथे पूजा ज्योतिर्लिंगाची. अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये तिथे बांधलेले मंदिर कादंबरीच्या ८५ वर्षे आधीचे आहे.

तरीही एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. १८५७ ला अवघी ११ वर्षे झालेली असताना कॉलिन्सने कादंबरीची सुरुवात एका इंग्रज अधिकाऱ्याने केलेल्या या हिऱ्याच्या चोरीपासून केली. श्रीरंगपट्टणच्या लुटीत, १७९९ साली, हा अधिकारी, हर्नकॅसल, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात रक्त ठिबकणारा खंजीर घेऊन उभा आहे, आणि हिरा त्या खंजिराच्याच मुठीत चमकतो आहे.

— एक वाचक