नवरी मिळेना, कारण ती जन्मलीच नाही

मा. संपादक,
स. न.

‘शेतकरी मुलांची लग्नं जमत नाहीत, कारण मुलींच्या अपेक्षा वाढल्या’ हा सूर पारावर, मांडवात सगळीकडे ऐकू येतो. मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. मुलींना नावं ठेवण्याआधी एक हिशेब बघा.

२००१ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. ती मुलं आज लग्नाला आली आहेत. २०११ मध्ये हाच आकडा ८०७ वर आला, राज्यात सर्वांत कमी. म्हणजे खरी टंचाई अजून यायचीच आहे. त्या पिढीतल्या पाच मुलांपैकी जवळपास एकाच्या जोडीची मुलगी जिल्ह्यात जन्मलेलीच नाही. त्यात ज्या आहेत त्यांतल्या कितीतरी शिकून पुण्याकडे जातात. मग कोरडवाहू गावात उरतं कोण?

व्हॉट्सॲपवर बायोडाटा फिरतात. शेती सहा एकर, विहीर, ट्रॅक्टर, निर्व्यसनी. पस्तिशीच्या मुलाचं वय एकोणतीस लिहिलेलं. मुलीची आई म्हणते, “मी जन्मभर उन्हात राबले, लेकीला नाही राबू देणार.” तिचं काय चुकलं?

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू मुलांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. फोटो खूप गाजले. पण गर्भलिंगनिदानबंदी कायद्याची कडक अंमलबजावणी करा, ही त्यांची मागणी होती आणि ती शंभर टक्के रास्त होती. असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, आपल्याच राज्याने केला. तरीही २०१७ मध्ये सांगलीच्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले.

मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल, असं काहींना वाटतं. आमच्याकडे तसं काही दिसत नाही. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीला. आई-बाप कारखान्याला गेले की वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हीही धास्ती असते. त्यातून तिला लवकर उजवून टाकतात. मोठ्या मुली मिळेनात, तेव्हा चौदा-पंधराच्या पोरींची स्थळं शोधली जातात. शिवाय पैसे घेऊन लांबून मुलगी ‘आणून देणारे’ एजंट आहेतच. त्या मुलीला कुठून, कशी आणली, हे मांडवात कुणीही विचारत नाही.

पुढच्या जनगणनेची वाट कशाला बघायची? जन्मनोंदी सरकारदरबारी होतातच. दर महिन्याला गावात किती मुलगे, किती मुली जन्मल्या, हे दर्शनी फलकावर लागलं पाहिजे. जिथे मुलींचा आकडा सतत घसरतो, तिथल्या गरोदर बाया कोणत्या सोनोग्राफी केंद्रात जातात, याचा छडा आरोग्य खात्याने लावावा. आणि आपल्या दैनिकाने हे आकडे तालुकावार छापावेत, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक वाचक, जि. बीड