विळ्याच्या आधीची पत्रे

पुणे,
१४ सप्टेंबर

प्रिय मेधा,

तुझी दोन पत्रे माझ्या टेबलाच्या खणात आहेत, एक मे महिन्यातले आणि एक जुलैमधले. जुलैचे पत्र मी परवापर्यंत फोडलेही नव्हते, हे आधीच सांगून टाकते, कारण त्याशिवाय पुढचे तुला नीट कळायचे नाही. आम्ही सर्व बरे आहोत. अण्णांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन व्यवस्थित झाले. माझी पाठ आहे तशीच आहे.

गेल्या शनिवारच्या आदल्या शनिवारी मी आपला तो कोरियन चित्रपट, ‘बिडेव्हिल्ड’, आमच्या मंडळात दाखवला. आपला म्हणजे तोच, २०११ च्या पावसाळ्यात तुझ्या खोलीत रात्री दोनपर्यंत जागून बघितलेला, ज्याच्या शेवटावरून तू माझ्याशी दोन दिवस अबोला धरलास आणि आईने पाठवलेला चिवड्याचा डबा कुलपात ठेवलास. इतक्या वर्षांनी तो पुन्हा बघावा, आणि एकटीने न बघता पंधरा-सोळा माणसांबरोबर बघावा, असे मला का वाटले ते सांगता येणार नाही; पण दाखवला, आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. हे मी दुसऱ्या कुणाला लिहू शकत नाही, कारण बेटावर राबणारी बोक-नाम कोण आणि तिची सोलमधली बालमैत्रीण हे-वॉन कोण इथपासून सांगावे लागेल, आणि तेवढे सांगूनही मला काय खुपते आहे ते त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही.

पहिली चूक माझीच झाली. चित्रपटाआधी दहा मिनिटे बोलायला मला सांगितले होते. जांग चोल-सू याचा हा पहिलाच चित्रपट, त्याआधी तो दिग्दर्शक किम की-डुक याच्या हाताखाली सहायक होता, २०१० साली कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीक या विभागात या चित्रपटाची निवड झाली, आणि पैसे इतके थोडे की जवळजवळ सगळे एका बेटावर, मोजक्या नटांनिशी आणि भर उन्हात उरकलेले आहे, एवढे सांगून मी थांबायला हवे होते. पण उत्साहाच्या भरात बोक-नाम झालेल्या सो यंग-हीविषयीही बोलले: २००८ च्या ‘द चेसर’ या चित्रपटामध्ये खुन्याच्या घरात बांधून घातलेली बाई तीच, आणि दोनच वर्षांनी या चित्रपटात विळा तिच्या हातात आला. लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले. सगळे विळ्याची वाट बघत बसले, आणि विळा यायला तासाहून जास्त वेळ लागतो.

त्यामुळे चर्चेत पहिले मत आले ते बंटीच्या मित्राचे: सुरुवातीचा तास निम्म्यावर आणला असता तर चित्रपट झकास झाला असता. त्याला दोष देत नाही, वयाने लहान आहे. पण मेधा, तो तास हाच तर चित्रपट आहे! नवरा मारतो, दीर अंगाशी येतो, म्हाताऱ्या कामावर काम लादतात, आणि या सगळ्यातून ही बाई सोलहून आलेल्या बालमैत्रिणीला बघून लहान मुलीसारखी हरखून हसते. ते हसणे या वेळी मी मोठ्या पडद्यावर पाहिले. उन्हाने रापलेला, सुजलेला चेहरा, आणि त्यावर इतका निर्मळ आनंद, की मला पडद्याकडे बघवेना. तो तास कापला तर पुढे उरते ती फक्त कत्तल.

देशमुखकाकांनी हे-वॉनची बाजू घेतली. त्यांची उभी हयात बँकेत गेली, हे तुला ठाऊकच आहे. कर्ज मागायला आलेल्या त्या म्हातारीला हे-वॉन कोरडेपणाने परत पाठवते, यात तिचे काय चुकले, असे त्यांनी विचारले. नियमात बसत नसेल तर बसत नाही, आणि खिडकीमागच्या माणसाने प्रत्येकासाठी रडायचे ठरवले तर संध्याकाळपर्यंत तो उरणार नाही, असे ते फार कळकळीने म्हणाले. मला ते पटले, कारण २०११ साली मी तुझ्याशी नेमके हेच भांडले होते. ती थकलेली आहे, एकटी राहते, शहरात असेच जगावे लागते, असे मी म्हणत होते. आणि तू अंथरुणात उठून बसलीस आणि म्हणालीस, ‘थकलेली आहे म्हणून मदत मागणाऱ्या मुलीसमोर गाडीची काच वर केली का?’ देशमुखकाकांना मी तुझे ते वाक्य ऐकवले नाही. ऐकवायला हवे होते.

कुलकर्णीकाकूंनी बेटावरच्या म्हाताऱ्यांवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, शेवटी बाईच बाईची वैरी असते. हे वाक्य ऐकले की मला अजूनही राग येतो. त्या म्हाताऱ्या वैरी आहेत हे खरेच, पण त्या का तशा आहेत हे चित्रपट इतके स्पष्ट दाखवतो. बेटावर राबणारे हात थोडे, पुरुष त्याहून थोडे, आणि पुरुष नसेल तर आपले काय होईल या भीतीत त्यांचे सगळे आयुष्य गेले आहे. म्हणून बोक-नामच्या नवऱ्याच्या, मान-जोंगच्या, प्रत्येक अपराधावर त्या पांघरूण घालतात आणि बोक-नामला जुंपतात. बटाट्याच्या शेतात काम कोण करते आणि त्या काय करतात, एवढे पाहिले तरी पुरे. मी हे बोलून दाखवले. काकू गप्प बसल्या. आता महिनाभर मला लोणचे मिळणार नाही.

मग विळा आला आणि टाळ्या वाजल्या. खरोखर वाजल्या, मेधा. बटाटे काढता काढता ती थांबते, सूर्याकडे टक लावून बघते आणि सांगते की सूर्य आपल्याशी बोलला, आणि त्यानंतरच्या पहिल्या घावाला मागच्या रांगेतून टाळी आली. आपण तेव्हा टाळी वाजवली नव्हती, आपण एकमेकींचा हात धरला होता. पण सुटल्यासारखे आपल्यालाही वाटले होते, हे मी नाकारत नाही. तासभर आपल्याला जे गिळायला लावले त्याचा तो परतावा होता, आणि दिग्दर्शकाला ते पक्के माहीत आहे. एका तरुण मुलीने असा आक्षेप घेतला की बाईवरचे अत्याचार इतके तपशिलात दाखवायचे आणि मग त्यांची भरपाई रक्ताने करायची, हा पुरुष दिग्दर्शकांचा सोपा मार्ग आहे. सगळ्या मतांत मला हेच सर्वांत विचार करण्याजोगे वाटले, आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अत्याचाराच्या काही प्रसंगांत कॅमेरा हवा त्याहून जास्त वेळ रेंगाळतो, हे मलाही या वेळी जाणवले.

पण देनजांगच्या प्रसंगाला जे हसू उसळले, ते मला सोसले नाही. नवऱ्याला तोडल्यावर ती त्याच्यावर देनजांग थापते, आठवते ना? आंबवलेल्या सोयाबीनचा तो खारट लगदा तिकडे डंखावर आणि जखमेवर लावतात, आपल्याकडे हळद दाबतात तसा. लोकांना ते विनोदी वाटले, आणि थोडे ते आहेही. मला मात्र तिचा तो हात दिसत होता. स्वयंपाकघरात शेकडो वेळा भरलेला हात, त्याच सवयीने मडक्यात जातो आणि त्याच सवयीने थापतो; तिच्या दुखण्यावर आजवर तेवढाच एक उपाय होता, आणि आता तोच उपाय ती त्याला देते. यात हसण्यासारखे काय आहे ते मी त्यांना विचारले, तर एक जण म्हणाले, ‘तुम्ही फार मनाला लावून घेता.’

आता खरे सांगायचे ते सांगते. सगळ्यांची मते मी नेहमीप्रमाणे वहीत उतरवून घेतली होती. घरी येऊन वाचली, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली ही, की पत्रांविषयी कोणी अवाक्षर काढले नव्हते. बोक-नामने सोलला पाठवलेली, हे-वॉनने न वाचता बाजूला टाकलेली, आणि सगळे संपल्यावर हातात घेतलेली ती पत्रे. मूळ कोरियन नावाचा अर्थ ‘किम बोक-नाम हत्याकांडाची संपूर्ण हकीकत’ असा आहे, हे तूच शोधून काढले होतेस. इंग्रजी ‘बिडेव्हिल्ड’मध्ये ते सगळे हरवते, असे तू तावातावाने म्हणाली होतीस. पोलिसांच्या कागदासारखे नाव, आणि त्यात त्या बाईचे पूर्ण नाव. संपूर्ण हकीकत तर तिने स्वतःच लिहून पाठवली होती, घडण्याच्या आधी, एकाच माणसाला.

दुसरी गोष्ट अशी, की वहीत एका व्यक्तीचे मत नव्हते. आमच्याकडे जूनपासून सरोजताई येतात. तिसऱ्या रांगेत कडेला बसतात, कधी बोलत नाहीत, जाताना खुर्च्या उचलायला मदत करतात. बोक-नामची छोटी मुलगी यॉन-ही मरते, मग चौकशीला अधिकारी येतो आणि सगळे बेट एका सुरात खोटे बोलते, आणि हे-वॉनला विचारतात तेव्हा ती सांगते की आपण झोपलो होतो. त्या ठिकाणी सरोजताई उठल्या. चपला हातात घेतल्या, घातल्या नाहीत, आणि भिंतीच्या कडेकडेने बाहेर गेल्या. मी प्रोजेक्टरपाशी होते. माझ्यासमोरून गेल्या, मी त्यांचा चेहरा पाहिला, आणि मी उठले नाही. प्रोजेक्टर सोडून कसे जायचे, असे मनाशी म्हणाले. प्रोजेक्टर आपापला चालतो, मेधा, त्याला कोणी लागत नाही.

असेल, काहीही नसेल. रिक्षा मिळणार नसेल, डोके दुखत असेल, किंवा लहान मुलाचे मरण बघवत नाही अशी पुष्कळ माणसे असतात. हे सगळे मी स्वतःला सांगून पाहिले आहे. पण गेल्या शनिवारी त्या आल्या नाहीत, आणि मंडळात त्यांची आठवण कोणी काढली नाही, मीसुद्धा नाही. त्यांचा नंबर वर्गणीच्या वहीत आहे. सात दिवस मी ती वही उघडून परत मिटते आहे. काय विचारायचे? ‘तुम्ही मध्येच का गेलात’ हे विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात न बोलावता शिरणे झाले. आणि न विचारणे म्हणजे काय, ते तू मला २०११ सालीच सांगितले होतेस. लहानपणीही त्या मुलांच्या तावडीत बोक-नामला टाकून हे-वॉन पळाली होती, हे तू किती चिडून म्हणाली होतीस! मी तेव्हा म्हटले होते की लहान मूल आणखी काय करणार. ते मी आजही म्हणेन. पण मी लहान नाही.

परवा रात्री झोप येईना, तेव्हा उठून तुझे जुलैचे पत्र फोडले. हात थरथरत होते, हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. आत तुझ्या सासूबाईंचा गुडघा, शाळेतली नवी मुख्याध्यापिका, फणस यंदा कमी लागले, आणि ‘तू बरी आहेस ना, काही कळव’. भयंकर काही नव्हते. मला एकदम हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याची मग पहाटेपर्यंत लाज वाटत राहिली, कारण भयंकर असते तरी ते खणात तसेच पडून राहिले असते.

आपल्या जुन्या भांडणात मी हरले, असे समज. पण शेवटाविषयी माझे म्हणणे कायम आहे: सोलला परतून हे-वॉन त्या मुलीवर हल्ला करणाऱ्या गुंडांना ओळखते, ते फार उशिरा असले तरी फुकट नाही. तू म्हणायचीस की बोक-नामला त्याचा काय उपयोग. बोक-नामला नाही, पण ज्या मुलीने गाडीची काच ठोठावली होती, तिला आहे. यावर तू पुन्हा दोन दिवस अबोला धरलास तरी चालेल, पण दोनच.

सासूबाईंना मालिशचे तेल पाठवते आहे, रात्री झोपताना लावायला सांग. मुख्याध्यापिकेला फार मनावर घेऊ नकोस, आणि बदलीचा अर्ज सध्या देऊ नको, दिवाळीनंतर बघू. चिनूला दहावीत कोणता क्लास लावलास ते कळव. दिवाळीच्या सुट्टीत मी सावंतवाडीला येईन म्हणते, तिकीट काढले की लिहीन.

हे लिहिता लिहिता मध्येच उठून सरोजताईंना फोन लावला. सकाळी साडेनऊला. बराच वेळ वाजला, त्यांनी उचलला नाही. दुपारी कदाचित कामावर असतील. संध्याकाळी सहानंतर पुन्हा लावते, आणि नाहीच लागला तर वर्गणीच्या वहीत पत्ताही आहे, डेक्कनपासून लांब नाही.

तुझी,
वैशाली