‘एअरगनचा’ म्हणून विकलेल्या स्कोपबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी

विषय : सदोष स्कोपचे ४,८५० रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

दिवाळीआधी तुमच्या संकेतस्थळावरून मी ४×३२ चा (चारपट मोठं दाखवणारा, ३२ मिलिमीटर भिंगाचा) छोटा स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण, मागवला. माझी एअर रायफल .१७७ इंची छर्ऱ्याची, नळी खाली वाकवून भरायची, स्प्रिंगची. ती मुळातच जड, म्हणून वर हलका स्कोप हवा होता. मागवण्याआधी तुमच्या माणसाला फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. १० मीटरवर स्पष्ट दिसेल का? स्प्रिंगचा झटका सोसेल का? उत्तर आलं, “सर, एअरगनचाच आहे, बिनधास्त घ्या.”

वजन तुम्ही २८० ग्रॅम लिहिलंय. ते खरं निघालं, इतवारीतल्या किराणावाल्याच्या काट्यावर तोलून पाहिलं. खरं निघालं ते तेवढंच.

महालातल्या आमच्या जुन्या घराचं अंगण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ११ मीटर. तिथं वाळूच्या पोत्यांपुढे टार्गेट लावतो. पहिल्याच दिवशी ते धूसर दिसलं. रायफल पोत्यावर पक्की ठेवून नुसती मान हलवली, तर स्कोपमधला नेमाचा क्रॉस टार्गेटवर चांगला सेंटिमीटरभर सरकतो. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो! मग खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचला : पॅरलॅक्स १०० यार्डांवर कायमचा बसवलेला. म्हणजे मान हलली तरी क्रॉस सरकत नाही ते अंतर १०० यार्ड, आणि स्कोप काडतुसाच्या रायफलीचा. ते अंतर १० यार्डांपर्यंत खाली आणता येईल अशी फिरती कडी पुढच्या भिंगाला नाहीच. आकाराने लहान, एवढ्यावरूनच तुम्ही त्याला एअरगनचा ठरवलं असावं.

त्याहून वाईट पुढे झालं. अडीचशे छर्ऱ्यांच्या आतच क्रॉस तिरपा झाला आणि झीरो (एकदा जुळवलेला नेम) टिकेनासा झाला. तुमच्या तंत्रज्ञाचं म्हणणं, “एअरगनला धक्का असतोच कुठे? माउंट जास्त आवळला असेल.” (माउंट म्हणजे स्कोप रायफलीवर धरणारी पकड.) त्यांना कृपया कळवा : स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो, तेव्हा रायफल मागे येते, पिस्टन टोकाला आदळला की ती उलट पुढे झटका खाते. असा दुहेरी मार काडतुसाच्या रायफलीत नसतो. त्यामुळे एरवी दणकट असलेले स्कोपही स्प्रिंग गनवर मोडतात. हे माहीत असूनच मी आधी विचारलं होतं.

बदली स्कोप नको, तोच माल पुन्हा येईल. पूर्ण रक्कम परत हवी. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण महिन्याभरात. माझ्या ३ नोव्हेंबरच्या ईमेलला अजून पोचही नाही. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. एवढ्या रकमेला तिथं शुल्कही लागत नाही.

स्कोप, माउंट आणि बिलाची प्रत खोक्यात बांधून ठेवली आहे. कुरिअरवाला कधी येणार ते कळवा. फक्त दुपारी २ ते ४ मध्ये पाठवू नका.

आपला,
एक ग्राहक
महाल, नागपूर