मांगरासाठी पत्रे, देवमाशासाठी चादरी

होडीमालक, तांडेल, खलाशी, ग्रामस्थ आणि मुंबई-पुण्याला असलेल्या चाकरमानी बंधू-भगिनींनो,

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या पुळणीत देवमाशाचं पिल्लू रुतलं होतं. गावकरी आणि वनखात्याची माणसं त्याच्यासाठी जवळजवळ दोन दिवस झटली, त्याला खोल पाण्यात नेलंही, पण ते जगलं नाही. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा लागला, त्यानेही किनाऱ्यावरच जीव सोडला. त्याच २०१५ च्या उन्हाळ्यात आपल्या कुणकेश्वरसमोर अभ्यासकांना निळे देवमासे पिल्लांसह दिसले होते. पिल्लं घेऊन ते आपल्या दारात येतात, त्यांना वाट चुकलेले पाहुणे कसं म्हणायचं?

एवढा अजस्र प्राणी जवळ्यासारख्या बारीक जीवांवर जगतो. एका घासाला कित्येक टन पाणी तोंडात घेऊन जबड्याच्या झालरीतून गाळतो. त्या पाण्यात आता प्लास्टिकही असतं. पण आम्हाला सगळ्यात जास्त टोचतं ते नायलॉनचं तुटकं जाळं. पूर्वीचं सुती जाळं कुजून जायचं. हे कुजत नाही. खडकाला अडकून सुटलेलं जाळं धनी नसतानाही मासे आणि कासवं धरतच राहतं. देवमासा हवेवर श्वास घेतो. जाळ्यात गुंतलेलं पिल्लू वर येऊ शकलं नाही तर पाण्यातच गुदमरतं. मोठा असेल तर जाळं ओढत उपाशी फिरतो. जहाजांची धडक किंवा पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारे डांबराचे गोळे आपल्याला थांबवता येणार नाहीत. जाळं मात्र आपलंच आहे.

म्हणून मच्छीमार आणि ग्रामस्थ मंडळाने तुटकी जाळी जमा करायचं ठरवलं आहे. बंदराजवळचा जुना मांगर, म्हणजे सामान ठेवायची शेड, मालकाने त्यासाठी मोफत दिला आहे, पण छप्पर गेलेलं आहे. पत्रे, वजनकाटा, गोणी आणि जाळी पुनर्वापराला पाठवायला टेम्पोचं भाडं एवढी गरज आहे. एका घराने एक पत्रा दिला तरी छप्पर उभं राहील. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल.

मांगरातच जुन्या सुती चादरी, बादल्या, ताडपत्री आणि एक पाण्याचा पंप कायम ठेवायचा आहे. देवमासा किनाऱ्याला लागला तर आधी वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. अंगावर ओल्या चादरी घाला, डोक्यावरचं श्वासाचं भोक मोकळं ठेवा, शेपटीला दोर बांधून ओढू नका. गर्दी आवरायला तरुण मुलं हवीत, त्यांनी नावं द्यावीत.

तांडेलांना हात जोडून विनंती: जाळ्यात जिवंत डॉल्फिन, कासव किंवा देवमासा आला तर जाळं कापा आणि त्याला सोडा. संरक्षित जीव सोडताना कापलेल्या जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची शासनाची योजना आहे. सोडतानाचे फोटो तेवढे काढून ठेवा, अर्ज आम्ही भरून देऊ.

१ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात आणि जाळी दुरुस्तीला निघतात. सर्वांत जास्त तुकडे तेव्हाच पडतात. मे महिन्यात गावी येणाऱ्यांनी चादरी सोबत आणाव्यात. छप्पर त्याआधी घालायचं आहे.

मच्छीमार आणि ग्रामस्थ मंडळ